सुतारमेटावरचे बुवा

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेलो होतो, की गावोगावच्या सुतार-लोहार-शिंपी कीर्तनकारांवर कुणी चार ओळीसुद्धा लिहून ठेवल्या नाहीत आणि आता त्यांना ऐकलेली माणसंही संपत आली. त्यावर पत्रांचा ढीग आला. म्हणून या वेळी वारसनोंदी, बांधाची भांडणं, पोटहिस्से सगळं बाजूला ठेवतो. मी तलाठी म्हणून नोकरी केली आणि टाळकरी म्हणून कीर्तनात मागं उभा राहिलो. माझा अधिकार एवढाच.

प्रश्न : माझे आजोबा गावचे सुतार. दिवसा मेटावर, म्हणजे सुतारकामाच्या जागी, काम; रात्री कीर्तन. पंचक्रोशीत त्यांना सगळे ‘बुवा’ म्हणत. पुढच्या वर्षी त्यांच्या जन्माला शंभर वर्षं होतील म्हणून घरच्यांनी स्मरणिका काढायचं ठरवलंय आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. चुलते म्हणतात, ‘थोर समाजप्रबोधनकार’ अशी सुरुवात कर. पण दोन पानांच्या पुढं गाडी सरकत नाही. त्यांची जन्मतारीखही घरात कुणाला नक्की सांगता येत नाही. काय लिहू?
— एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : ‘ह.भ.प.’ राहू द्या, तो मान त्यांनी उभं राहून मिळवलेला आहे. ‘थोर समाजप्रबोधनकार’, ‘अखंड नंदादीप’, ‘चालतंबोलतं विद्यापीठ’ हे मात्र काढून टाका. अशा स्मरणिका माझ्याकडे कपाटभर आहेत. एकीतला फोटो उचलून दुसरीत चिकटवला तर घरच्यांखेरीज कुणाला पत्ता लागणार नाही.

सुरुवात मेटापासून करा. मेट गावात नेमकं कुठं होतं, वर पत्रा होता की लिंबाची सावली, समोर कोण कोण येऊन बसायचं. मग हत्यारं. वाकस, करवत, रंधा, पटाशी, किकरं, गुण्या, सामता. सामता म्हणजे धनुकलीच्या दोरीनं गरगर फिरवून भोक पाडायचं हत्यार. गिरमिट आलं आणि सामता माळ्यावर गेला. कुठलं हत्यार वडिलांकडून आलेलं, कुठलं आजोबांनी स्वतः घडवलेलं, कुठल्याचा दांडा त्यांच्या मुठीनं झिजलाय, हे सांगणारं घरात कुणीतरी असेल. आजच विचारा.

मग त्यांनी काय काय बनवलं ते. गाडीचं चाक ही सुताराची खरी परीक्षा. बाभूळ तोडली आणि लगेच वापरली असं चालत नाही, ती वाळवावी लागते. मधे तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर पुठ्ठे, म्हणजे लाकडाचे वाकदार तुकडे, जोडून झालेला गोल. सगळी मदार सांध्यांवर. त्यावर लोहाराची धाव, म्हणजे लोखंडी कडं, चढायची. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, चिमट्यांनी दोघातिघांनी उचलून चाकावर बसवायची आणि ताबडतोब पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि सगळे सांधे आवळून धरतं. पाण्याला उशीर झाला तर पुठ्ठे जळतात. धाव मापात चुकली तर एक उन्हाळा गेला की चाक बोलायला लागतं. हे काम एकट्या सुताराचं नव्हे. तेव्हा गावचा लोहार कोण होता आणि आजोबांचं त्याच्याशी कसं जमायचं, हेही स्मरणिकेत आलं पाहिजे.

तलाठी म्हणून माझ्याकडे पहिल्यांदा जी गावं आली, त्या सज्जावर एक सुतारबुवा होते. धावेचा हा सगळा प्रकार ते कीर्तनात सांगायचे. “तापल्याबिगर धाव बसत न्हाई, आन् बसल्यावर पाणी पडलं न्हाई तर चाक ऱ्हात न्हाई. संसार तापवतो, संत पाणी घालत्यात.” समोर बसलेल्या प्रत्येकानं आपल्या गाडीची धाव चढताना पाहिलेली असायची, त्यामुळे दृष्टांत समजावून सांगायची गरज पडत नसे. तुमच्या चुलत्यांना सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी यांची नावं स्मरणिकेत घालावीशी वाटणारच. एका वाक्यात घाला. अरणचे सावतोबा १२९५ साली समाधिस्थ झाले. कांद्यामुळ्यात त्यांनी विठाई पाहिली ती मळ्यात राबून. त्या परंपरेत आजोबांना बसवायचं तर त्यांचे स्वतःचे दृष्टांत गोळा करा. कुठला गाडीचा, कुठला नांगराचा, कुठला बायकोशी झालेल्या भांडणाचा. नुसती नावांची माळ ओवून ते काम होत नाही.

तिफणीचं चाडं विसरू नका. लाकडी वाटीसारखं असतं ते. पेरणी करणारी बाई मुठीनं त्यात बी सोडते आणि बी तळाच्या भोकांतून नळ्यांत, नळ्यांतून फणामागं तासात, म्हणजे चरात, पडतं. भोकं सारखी आणि सारख्या उताराची नसली तर एका तासात दाट, दुसऱ्यात पातळ. पेरणीत चूक झाली तर ती उगवल्यावरच दिसते आणि तोवर पाऊस निघून गेलेला असतो. म्हणून मृगाच्या आधी मेटावर झुंबड उडायची. आजोबांच्या हातचं चाडं कुणाच्या माळ्यावर सापडलं तर त्याचा तळ जवळून फोटो काढून छापा. सत्काराच्या फोटोपेक्षा मोठा छापा.

पुढचा भाग थोडा अवघड. काळ लिहा. तुमच्या भागात हे सोपं जावं, कारण किर्लोस्करवाडी तुमच्या शेजारीच आहे. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३चा, वाडीचा कारखाना १९१०चा. म्हणजे आजोबा हातात वाकस धरायला शिकले तेव्हा लाकडी नांगराला उतरती कळा लागलेलीच होती. पुढं रबरी टायरची गाडी आली, मग ट्रॅक्टर आला. दशकादशकाला मेटावरचं काम कसं बदललं ते विचारून काढा. नांगर-कुळव, मग गाड्या, मग दारं-खिडक्या, शाळेचे बाक, शेवटी कदाचित नुसतं कुऱ्हाडी-खुरप्यांना दांडे बसवणं. १९७२च्या दुष्काळात शेतीचं काम ठप्प झालं तेव्हा दुष्काळी कामावरच्या कुदळ-फावड्यांच्या दांड्यांवर कितीतरी सुतारांनी दिवस काढले. तुमच्याकडे काय झालं? मी पाहिलेल्या दोनतीन घरांत मेटावरचं काम घटलं आणि कीर्तनं वाढली ती एकाच काळात. तुमच्या आजोबांचंही तसं असेल तर बेधडक लिहा. त्यानं त्यांची भक्ती उणी होत नाही.

बलुत्याचाही हिशोब लिहा. सुतार हा बहुतेक गावांत थोरल्या कासेतला बलुतेदार, खळ्यावर त्याचा वाटा मोठा. पण वाटा मोठा असणं आणि तो वेळेवर मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी. कोण पेंढ्या राजीखुशीनं द्यायचा, कोण सुगी संपली की रस्ता बदलायचा, आणि त्याच माणसाच्या दारी सप्ताहात कीर्तन करायची वेळ आली तर बुवा काय करायचे? एवढ्या एका प्रसंगात माणूस दिसतो. नाव छापू नका, प्रसंग छापा.

आता कीर्तन. ‘त्यांच्या रसाळ वाणीनं श्रोते मंत्रमुग्ध होत’ हे वाक्य छापखान्यात आधीच जुळवून ठेवलेलं असावं अशी मला शंका आहे. तुम्ही वेगळं विचारा. निरूपणाला ते कुठले अभंग घ्यायचे? प्रत्येक बुवाचे पाचसात ठरलेले असतात, काल्याचा तर हमखास. प्रमाण, म्हणजे आधाराचा अभंग किंवा ओवी, टाकल्यावर टाळकऱ्यांनी उचललं नाही तर ते काय म्हणायचे? मृदंगावर कोण असायचं? गॅसबत्ती विझली तर थांबायचे की अंधारातच रेटायचे? श्रोत्यांत कुणी विडी पेटवली तर? आणि शिकले कुठं? जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. पण तिथं चार वर्षं राहणं हातावर पोट असणाऱ्या बलुतेदाराला कुठलं परवडायला? असे बहुतेक बुवा कुणाच्या तरी मागं टाळ धरून उभे राहत राहतच पुढं आले. तो ‘कुणीतरी’ कोण होता ते शोधून काढा. तुमच्या लेखातलं दुसरं महत्त्वाचं पात्र तेच आहे.

माझ्या त्या सुतारबुवांनी प्राथमिक शाळेचं दार केलं होतं. पुढं इमारत पाडली तेव्हा चौकटीच्या आतल्या बाजूला, भिंतीत गेलेल्या भागावर, शिसपेन्सिलीनं लिहिलेलं सापडलं : ‘३ फू. २ इं.’ आणि त्याच्याच खाली ‘ज्ञा. अ. १२’, म्हणजे ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय. माप आणि अध्याय एकाच हातानं, एकाच पेन्सिलीनं. कानावरची पेन्सिल रात्रीच्या कीर्तनाची तयारीही करत होती. तुमच्या गावात जुनी दारं, पेट्या, पाळणे उरले असतील तर उलटे करून बघा.

एक नाजूक गोष्ट. कीर्तनाला गावातलं कोण कुठं बसायचं, हे विचारा. देवळाच्या मंडपात कोण, पायरीखाली कोण, पार लांब कोण. मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठलमंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केलं तेव्हा तुमचे आजोबा विशीत असणार. त्यांनी काय केलं? काहीच केलं नसेल तर तसं लिहा. गावाशी वैर घेतलं असेल तर तेही लिहा. शंभराव्या वर्षी एवढं खरं ऐकून घ्यायला कुणाची हरकत नसावी, आणि असलीच तर चुलत्यांना माझ्याकडे पाठवा.

जन्मतारखेचं सांगतो, हा माझा प्रांत. शाळेचं जनरल रजिस्टर बघा. तिथं १ जून दिसली तर फार विश्वास ठेवू नका. मास्तरांना तारीख कुणी सांगितली नाही की ते १ जून टाकायचे. निम्मा जुना महाराष्ट्र १ जूनला जन्मलेला आहे. त्यापेक्षा तहसील कचेरीतल्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्याची नक्कल मागा. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत. पण बाळाचं नाव बहुतेकदा नसतं. ‘अमुकला मुलगा झाला’ एवढंच असतं, त्यामुळे पणजोबांच्या नावानं शोधावं लागतं. जुनी पानं मोडी लिपीत असली तर मोडी वाचणारा गाठा. तुमच्या भागात हेळवी अजून फिरत असतील तर त्यांच्या चोपड्यांत घराण्याची पिढीजाद नावं मिळू शकतात. त्र्यंबक-नाशिकला घरातलं कुणी कधी गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही बघून या. एवढं करूनही तारीख मिळाली नाही तर ‘१९२७च्या सुमारास’ लिहा. त्यात कमीपणा नाही.

शेवटचं काम आवडणार नाही, तरी करा. आजोबांशी भांडलेला एक माणूस, किंवा त्याचा मुलगा शोधा. त्याला चहा पाजा आणि बोलू द्या. चाक दोन पावसाळ्यांत खिळखिळं झालं, पैसे घेऊन पलंग दिला नाही, कीर्तनात नाव न घेता टोमणा मारला, जे काय असेल ते. तुमच्या स्मरणिकेतलं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान ते असेल.

प्रश्न : वडील शिंपीकाम करायचे आणि कीर्तनं करायचे. त्यांनी आयुष्यात कधी बिदागी घेतली नाही, असं आई अभिमानानं सांगते. परवा ट्रंकेत त्यांची वही सापडली. एका बाजूला गिऱ्हाइकांची मापं, दुसऱ्या बाजूला ‘नारळ, उपरणं, ५ रु. वाटखर्च’, ‘नारळ, ११ रु.’ अशा नोंदी. आईला दाखवू की नको? लेखात काय लिहू?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : दाखवा. मला तर खात्री आहे की त्यांना माहीत आहे. घरातलं मीठ-मिरची त्याच बघत होत्या ना?

नियम कडक आहे हे खरं. तुकोबांनी एका अभंगात सांगून ठेवलंय की जिथं कीर्तन करावं तिथं जेवूसुद्धा नये, कपाळाला बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, सोबतच्या बैलासाठी दाणावैरण मागू नये. आणि पैसे घेणारा-देणारा दोघांनाही त्यांनी एकाच ठिकाणी धाडलंय. या मापानं मोजायला बसलं तर आजचे किती बुवा उरतील, ते तुम्हीच मोजा. मी टाळकरी आहे, मला पुढच्या सप्ताहाला बोलावणं यायला हवं.

पण वाटखर्च आणि बिदागी यांत जुनी माणसं फरक करायची. एसटी १९४८ साली सुरू झाली आणि आडवळणाच्या गावांपर्यंत पोचायला तिला आणखी बरीच वर्षं लागली. तोवर पायी किंवा कुणाच्या गाडीतून जायचं. शिवणकाम सोडून एक रात्र आणि दुसरा अर्धा दिवस गेला म्हणजे त्या दिवसाचे कपडे राहिले, गिऱ्हाईक तोंड वाजवणार. पाच रुपयांत ते भरून निघत नसणार. ठरवून मागणं वेगळं आणि निघताना कुणी हातात कोंबलेलं वेगळं. तुमचे वडील दुसऱ्यातले दिसतात, कारण मागून घेणारा माणूस सहसा असा नारळापासून हिशोब लिहून ठेवत नाही.

लेखात मखलाशी करू नका. वहीचं पान आहे तसं छापा, दोन्ही बाजू. अंगरख्याचं माप आणि कीर्तनाची नोंद शेजारीशेजारी दिसू द्या. गिऱ्हाइकांची नावं तेवढी झाका. आणि मापांच्या बाजूला ‘बाकी’ असा शेरा किती ठिकाणी आहे तो नीट बघा. शिंप्याचे पैसे बुडवणाऱ्या गावानं बुवाला अकरा रुपये दिले असतील तर ती कुणी कुणाला दिलेली बिदागी, याचा विचार वाचक करतील.

प्रश्न : तुम्ही सगळे बुवांबद्दल लिहिता. माझे सासरे गवंडी आणि कीर्तनकार. त्यांची माझ्या मनातली आठवण म्हणजे रात्री दीड वाजता चार टाळकरी घेऊन यायचे आणि ओट्यावरूनच ओरडायचे, “पिठलं टाका!” हे लेखात लिहिलं तर घरचे रागावतील का?
— एक वाचक, पाटण

उत्तर : रागावतील. लिहाच. त्या चार टाळकऱ्यांपैकी एखाद्या वेळी मीही असेन, त्याबद्दल तुमच्या पिठल्याला उशिराचा नमस्कार.

थट्टा बाजूला. बुवा सप्ताहाला गेले की घरचं काम कोण ओढायचं, उसनवारी कोण फेडायचं, हे सासूबाईंना विचारा. जात्यावरच्या ओव्या त्यांना येत असतील तर त्याही उतरवून घ्या. नवऱ्याच्या भजनावर, वारीला गेलेल्या माणसावर बायकांनी जात्यावर काय काय म्हणून ठेवलंय ते कीर्तनात कधीच येत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तुमच्या सासूबाईंच्या चार त्यात नसतील, त्या तुम्ही वाचवा.

प्रश्न : आमचे आजोबा गवंडी होते आणि मिशनचे उपदेशक. टाळ-मृदंगावर ख्रिस्ताचं कीर्तन करत खेडोपाडी फिरायचे. कुटुंबात त्यांच्याबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. तुमच्या लेखनात आमच्यासारख्यांना जागा आहे का, आणि माहिती कुठं मिळेल?
— एक वाचक, राहुरी

उत्तर : जागा आहे का, हे काय विचारणं झालं? तुमच्या जिल्ह्यात हे कीर्तन आजकालचं नाही. अमेरिकन मराठी मिशनचं काम अहमदनगरला १८३१ साली सुरू झालं आणि त्याच शतकात कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन रुळवलं. पुढं नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग-ओवीच्या वळणाची भजनं लिहिली. तुमच्या राहुरीतही टिळकांचा मुक्काम होता. चाल ओळखीची, वाद्यं ओळखीची. उन्हातान्हात भिंत चढवून आलेला माणूस संध्याकाळी त्या चालीवर उभा राहिला की ऐकणाऱ्याला परकं वाटत नसणार.

माहितीच्या बाबतीत तुम्ही आम्हा बाकीच्यांपेक्षा नशीबवान आहात. चर्चची रजिस्टरं बघा. बाप्तिस्मा, लग्न, दफन या तिन्हींच्या नोंदी तारखेनिशी असतात, आणि कित्येकदा पालकाचं नाव आणि धंदाही असतो. ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून निघतंय. खेड्यातल्या कामाची वृत्तं, मृत्युवार्ता त्यात शोधा. आजोबांनी बांधलेलं देऊळ-चर्च-विहीर-शाळा यांपैकी काय उभं आहे तेही बघा. गवंड्याची सही दगडाच्या सांध्यात असते. दगडांमधल्या दर्जा, म्हणजे फटी, कशा भरल्यात, कोपऱ्याचा दगड कसा घडवलाय, हे एखाद्या जुन्या गवंड्याला सोबत नेऊन दाखवलंत तर तो तुम्हाला आजोबांचा स्वभाव सांगेल.

जाता जाता. विल्यम केरी हा इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशरमधला जोडे शिवणारा. पोटासाठी चामडं आणि खेड्यातल्या छोट्या मंडळीपुढं प्रवचन, असं त्याचं सुरुवातीचं आयुष्य. १७९३ साली तो बंगालात आला आणि १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण, १८१० मध्ये मराठीचा कोश श्रीरामपूरला, म्हणजे बंगालातल्या, छापून मोकळा झाला. पंडित वैजनाथ शर्मा त्याच्या मदतीला होते. चामड्याला आरी लावणाऱ्या हातानं आपल्या भाषेचं व्याकरण लिहिलं, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

प्रश्न : आजोबा लोहार होते, भाता ओढत ओढत भजनं म्हणायचे. आमचा भाग निजामाच्या राज्यात होता. जुन्या कागदांवरची सालंच समजत नाहीत. काय करावं?
— एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : साल १३५७ असं काही दिसलं तर दचकू नका, ते फसली, म्हणजे निजामाच्या राज्यातलं महसुली साल आहे. त्यात ५९० मिळवा, म्हणजे १९४७ आलं. फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होत असल्यामुळे ते पुढच्या इसवी सनात शिरतं, तेवढं लक्षात ठेवा. शके असेल तर ७८ मिळवा. उर्दू कागदासाठी गावातल्या जुन्या मौलवींना किंवा निवृत्त कारकुनाला भेटा. १७ सप्टेंबर १९४८ नंतरच्या काळासाठी १९५४चं खासरा पत्रक तहसीलमध्ये मागा. आजोबांच्या नावावर तुकडाभर जमीन असेल तर त्यात सापडेल. नसेल तर शेजाऱ्याच्या चतुःसीमेत ‘लोहाराचं घर’ असा उल्लेख मिळू शकतो. भूमिहीन कारागिराचा कागदोपत्री पुरावा बऱ्याचदा दुसऱ्याच्या हद्दीतच असतो.

प्रश्न : वडील (सुतार, कीर्तनकार) जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या कीर्तनाच्या तीन कॅसेट आणि हत्यारांची पेटी आहे. घर पाडतोय. काय ठेवू, काय देऊ?
— एक वाचक, जामखेड

उत्तर : कॅसेट आधी. हौसेनं लगेच वाजवू नका. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर जाणकाराकडेच द्या. नसेल तर कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोटे चौकोनी पापुद्रे असतात ते मोडा, म्हणजे चुकून वर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. मग एकदा शेवटपर्यंत पुढं आणि पुन्हा मागं फिरवा, चिकटलेली टेप मोकळी होते. स्पीकरसमोर मोबाईल धरून उतरवू नका. वायर जोडून कॉम्प्युटरवर घ्या, आणि मूळ प्रत वेव्ह फाईलमध्ये ठेवा. व्हॉट्सअॅपवर पाठवायची ती वेगळी लहान करा. मधला खोकला, पोरांचं रडणं, ‘पाणी द्या बुवांना’ हे साफ करून टाकू नका. गाडगेबाबांनी १९५६ साली, अखेरच्या दिवसांत, वांद्र्याला केलेल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. बाबा श्रोत्यांना प्रश्न टाकतात आणि श्रोते उत्तर देतात, त्यातच सगळी गंमत आहे. समोरच्यांचा आवाज पुसला असता तर अर्धं कीर्तन गेलं असतं.

ऐकताना शेजारी वडिलांच्या वेळचा एखादा टाळकरी बसवा आणि कुठला आवाज कुणाचा ते लिहून घ्या.

हत्यारांना व्हार्निश लावू नका आणि रंग तर मुळीच नको. पात्यांचा गंज हलक्या हातानं काढून तेलाचं बोट फिरवा, दांडे आहेत तसेच राहू द्या. प्रत्येकाला चिठ्ठी बांधा : नाव, उपयोग, कुणाकडून आलं. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय रोजच्या वापरातल्या वस्तूंसाठी नावाजलेलं आहे. तुमच्या जवळपास एखादं लहान संग्रहालय किंवा शाळा असेल तर त्यांनाही विचारा. चिठ्ठ्यांशिवाय दिलंत तर तिथं ते ‘जुनं लोखंड, नग अमुक’ म्हणून जमा होईल. एक वाकस घरी ठेवा, वापरात. आणि कॅसेटच्या प्रती निदान तीन घरांत असू द्या, एकट्या तुमच्या मोबाईलमध्ये नकोत.